दोन बोटांची जागा

टोल द्यायच्या आधी टोलमावशी कंबर आवळायची. आमच्या शाळेच्या आवारात कडुनिंबाच्या फांदीला रेल्वेरुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता आणि लोखंडी सळईनं त्यावर टोले देणं हे तिचं काम होतं. वेळ झाली की ती सळई बगलेत धरायची, लुगड्याची उजव्या कुशीवरची गाठ दोन्ही हातांनी सोडायची, पोट आत ओढायची आणि ती गाठ पुन्हा अशी करकचून मारायची की बघणाऱ्याचाच श्वास अडकावा. मगच पहिला टोला पडायचा. दिवसाचे आठ तास, म्हणून आठ वेळा हा कार्यक्रम. पाचवीत नव्यानं आलेल्या मुली फळ्याकडे पाठ करून खिडकीतून तो बघत बसायच्या. मी गणिताची बाई, त्यामुळं त्यांच्यावर ओरडणं माझ्याकडं होतं. खरं सांगायचं तर मीही बघायचे.

तिचं नाव अनसूया, पण ते फक्त हजेरीपटात होतं. ती शाळेची आया होती, शिपाई होती, पाणी भरणारी होती आणि शाळेचं घड्याळही तीच होती. मी सक्करदऱ्याच्या त्या मुलींच्या शाळेत लागले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि साडीची मला नीट सवय नव्हती. पहिल्याच दिवशी वर्गाच्या पायऱ्या चढताना निऱ्या सुटल्या. मागं चाळीस मुली. मावशीनं मला दंडाला धरून पाण्याच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि म्हणाली, "एवढी शिकली बाई, अन् नेसता नाई येत तुले?" मग माझ्या पाठीला गुडघा लावून तिनं परकराची नाडी ओढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जरा सैल करा, म्हटलं. "बिलकुल नाई. कमरेत बोट शिरलं, तर ते नेसनं नाई, पांघरनं झालं." त्या दिवशी मी श्वास मोजूनमापून घेतला, पण साडी जागची हलली नाही.

हा घट्टपणा तिला आईकडून आला होता. आई गिरणीत सूत काढायच्या खात्यात कामाला होती. तिच्या शेजारी उभ्या राहणाऱ्या एका बाईचं सुटलेलं लुगडं यंत्राच्या पट्ट्यात गेलं आणि लुगड्यापाठोपाठ ती बाई गेली. मावशी तेव्हा सात-आठ वर्षांची असेल. त्या दिवशी आई घरी आली ती चुलीशी गेली नाही. तिनं दोघी मुलींना समोर उभं केलं, त्यांच्या कमरेला फडकं बांधलं आणि बोट घालून पाहिलं. बोट गेलं की पुन्हा सोडून पुन्हा बांधलं. "सैल लुगडं म्हंजे मरन," असं मावशी सांगायची आणि सांगताना तिचा हात आपोआप गाठीवर जायचा. तिनं स्वतः गिरणीत कधी पाऊल ठेवलं नाही. लग्न झालं, चार वर्षांत नवरा गेला, मग ही शाळा. तरी यंत्र शेजारी चालू असावं तशी ती जन्मभर नेसली.

आमची दोस्ती कशी झाली, ते मला नेमकं सांगता येणार नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सगळ्या बाया घरच्या सासवांवर बोलायच्या. मला सासू नव्हती, म्हणून मी डबा घेऊन पाण्याच्या खोलीत जायला लागले. मावशीची ज्वारीची भाकर आणि ठेचा, माझी पोळी आणि बटाट्याची भाजी. ती माझ्या भाजीला "दवाखान्याचं जेवन" म्हणायची आणि तरी पुसून खायची. कधीतरी माझ्या 'तुम्ही'चं 'तू' झालं. चार लोकांत ती मला 'बाई' म्हणायची आणि आम्ही दोघीच असलो की 'शैले'. रविवारी मी तिच्या घरी जायचे. तलावापलीकडच्या वस्तीत तिची दोन खोल्यांची जागा होती, सोबतीला बहिणीची मुलगी शेवंता. एका पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं एक पांढरंशुभ्र लुगडं होतं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी ती ते नेसून गेली होती. मग धुऊन ठेवलं ते ठेवलंच. दर उन्हाळ्यात ते बाहेर निघायचं, उन्हात पडायचं आणि पुन्हा पेटीत जायचं.

पाणी भरण्याचा तिचा एक वेगळाच तोरा होता. रांजण तीनदा विसळायचा, फडकं दुहेरी बांधायचं, ओगराळं आपल्या हातानंच द्यायचं. एखाद्या मुलीनं पेला बुडवला तर ती तिला अख्खा रांजण ओतायला लावायची. मी एकदा म्हटलं, एवढं काय त्या पाण्याचं! ती हसली नाही. "माह्या मायले विहिरीच्या पायरीवर चढू देत नव्हते. अन् मी या साऱ्या पोट्ट्यांले पानी पाजते. मंग करू नाई का तोरा?" त्यानंतर मी तिच्या हातून पेला घेताना जरा नीट उभी राहायला लागले.

तिच्या कमरेवर काळा पट्टा होता, करगोट्यासारखा, सबंध गोल. पहिल्यांदा दिसला तेव्हा मी दचकले. ती म्हणाली, "हा तं साऱ्या बायांच्या कमरेले असते. कपाळावरच्या कुंकवानं नाई का डाग पडत?" आमच्या शाळेतल्या नऊवारी नेसणाऱ्या दुसऱ्या बाईंच्या कमरेवरही तो होता, त्यामुळं मी गप्प बसले. मग एका उन्हाळ्यात गाठीच्या बरोबर खाली, उजव्या कुशीवर, चवलीएवढी जखम झाली. घामानं झाली म्हणून हळद लावली, खोबरेल लावलं. खपली धरायची आणि दुसऱ्या दिवशी गाठीनं निघायची. तिनं मला दाखवली. आणि मी, बी.एस्सी. झालेली, मुलींना आरोग्याचा तास घेणारी शहाणी बाई, काय म्हणाले? म्हणाले, "मावशे, तिथं मऊ कापडाची घडी ठेव आणि वरून घट्ट बांध. गाठ हलली नाही की घासणार नाही." माझाच एक रुमाल चौपदरी करून दिला, वर बोरिक पावडर शिंपडून. तिला ते फार पटलं. तिच्याच मनातलं मी बोलले होते ना.

सव्वा वर्ष ती घडी तिथं होती. मधून मधून मी विचारायचे, ती "हाये तशीच" म्हणायची, आणि आम्ही दोघी दुसऱ्या विषयावर जायचो. आज याची लाज वाटते. जखम महिन्या-दीड महिन्यात भरली नाही, तर ती साधी नाही, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही. शेवटी एक दिवस प्रार्थनेच्या वेळी मी तिच्या मागं उभी होते. तिच्या निळ्या लुगड्यावर, गाठीखाली, काळसर ओला डाग दिसला. पाण्याच्या खोलीत नेऊन घडी काढली तर ती चिकटलेली होती. खाली जखम आता रुपयाहून मोठी, कडा उचललेल्या आणि बोटाला टणक लागणाऱ्या, मध्ये खोल. दुखते का विचारलं. "दुखत नाई, तेच तं," ती म्हणाली. "दुखली असती तं मी आलीच असती ना तुह्याकडं." त्याच दुपारी मी अर्धी रजा टाकली आणि सायकलरिक्षा बोलावली.

मोठ्या दवाखान्यात तिनं गाठ सोडायला नकार दिला. पडद्याआड आम्ही तिघीच होतो, ती, मी आणि एक बारीकशी, तरुण डॉक्टरीणबाई. मावशी गाठीवर हात ठेवून भिंतीकडं तोंड करून उभी. "नवरा गेल्यापासून परक्या मानसासमोर कंबर उघडी केली नाई," एवढंच म्हणाली. डॉक्टरीणबाई चिडली नाही. तिनं स्टुलावर बसून वाट पाहिली. खूप वेळानं मावशी म्हणाली, "शैले, तू सोड. मी डोये मिटते." मी सोडली. ती गाठ सोडायला मला दोन्ही हातांची नखं लागली. डॉक्टरीणबाईनं जखम पाहिली, पट्टा पाहिला, जांघेत दाबून पाहिलं आणि विचारलं, "ही घडी ठेवून वर घट्ट बांधायला कोणी सांगितलं?" मी बोलणार, त्याआधीच डोळे मिटलेली मावशी म्हणाली, "कोन सांगते? माह्यीच अक्कल."

जखमेचा तुकडा काढून तपासायला गेला. कागद आला तो इंग्रजीत. मावशीनं माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "वाच. गाळू नको काई." मी वाचला, आणि न गाळता सांगितलं की कातडीचा कॅन्सर आहे. त्या काळी तो शब्द म्हणजे माणूस संपलं, असंच आम्ही धरायचो. तिनं पदरानं तोंड पुसलं. डॉक्टरीणबाईनं मात्र खुर्ची जवळ ओढली आणि अगदी वर्गात समजावून द्यावं तसं समजावून दिलं. त्याच जागी रोज कातडी घासली जाते, रोज ती स्वतःला दुरुस्त करते, आणि चाळीस वर्षं दुरुस्त करता करता एखाद्या वेळी तिचं चुकतं. मग ती जखम भरून थांबत नाही, नुसती वाढत सुटते. "हा त्यातल्या त्यात बरा प्रकार आहे, मावशी," ती म्हणाली. "पोटात लपून बसत नाही, वर दिसतो. वेळेवर पुरता कापून काढला तर पुष्कळ बाया बऱ्या होतात. जांघेत अजून गाठी लागत नाहीत. पण आणखी ठेवलात तर तिथं जाईल, आणि मग मी असं बोलणार नाही." हा स्पर्शानं होत नाही, एका ताटात जेवल्यानं होत नाही, हेही तिनं न विचारता सांगितलं. मी मनातल्या मनात तिचे पाय धरले.

आणि मग सगळं अडलं ते भलत्याच ठिकाणी. जखमेभोवतीची बरीच कातडी काढून तिथं मांडीची कातडी लावायची होती. ती कातडी नाजूक. तिच्यावर यापुढं गाठ नको, दोरी नको, जन्मभर. सैल झगा घाला, असं डॉक्टरीणबाई सहज म्हणाली. मावशीनं तिच्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कापाचं ते कापा. पर बांधू द्या." नाही, म्हणाली ती, बांधलंत तर परत होईल. "मंग राहू द्या," मावशी उठली, तिथंच, आमच्या देखत, त्या जखमेवर गाठ मारली आणि चालू लागली.

आठ दिवस ती ऐकेना. टोल द्यायची, गाठ आवळायची, पाणी भरायची, जणू काही झालंच नाही. मी समजावलं, रडले, शेवटी भांडले. शेवंता पण माझ्या बाजूनं बोलून शिव्या खाऊन बसली. "मरशील ना गं!" मी पाण्याच्या खोलीत ओरडले. ती शांतपणे फडकं पिळत होती. "मरन तं सैल लुगड्यात हाये. मायनं सांगितलं ते खोटं काहून होईन?" फडकं झटकून म्हणाली, "झगा घालून पोट्ट्यांसमोर उभी राहू? टोल देताना हात वर केला अन् सुटलं तं? हे कमरेले आवळलं ना, शैले, तवाच मी उभी हाओ असं वाटते मले." मला तोवर वाटत होतं की ती हट्ट करते आहे. त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की ती भ्यायली आहे, आणि कॅन्सरला नाही. मग मी भांडायची थांबले.

तोड काढली ती आमच्या शिवणबाईंनी. शिवणबाई म्हणजे शाळेतली सगळ्यात गप्प बाई. सगळ्या सभांना हजर आणि एकाही सभेत आवाज नाही. मी त्यांना हा सगळा पेच सांगितला. त्या बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिल्या आणि म्हणाल्या, "लुगड्याला कंबरच कशाला पाहिजे? खांदे आहेत की." तीन दिवस त्या शाळा सुटल्यावर मशीनवर बसल्या. मांजरपाटाची बिनबाह्यांची बंडी, तिलाच खाली जोडलेला गुडघ्यापर्यंतचा घेरदार चोळणा, कमरेपाशी सगळं सैल. बंडीला भोवताली रुंद कापडी फासे, त्यांतून लुगड्याचा काठ ओवायचा. पुढं निऱ्या अडकवायला बटणं, मागं काष्टा खोचायला एक खिसा. सगळा भार खांद्यांवर. मावशीनं ते हातात धरून पाहिलं आणि म्हणाली, "हे तं लहान पोट्टीचं झबलं हाये." पण घातलं. काष्टा बसला, पदर बसला, पाहणाऱ्याला फरक कळू नये असं ते नेसणं होतं. शिवणबाई तोंडात टाचण्या धरून तिच्याभोवती फिरत होत्या, म्हणून त्यांना बोलता येत नव्हतं, नाहीतर माझी खात्री आहे की त्या दिवशी त्या बोलल्या असत्या.

"टोल देऊन पाहू दे," मावशी म्हणाली. रविवार होता, शाळा रिकामी. तिनं सळई बगलेत धरली आणि सवयीनं दोन्ही हात कमरेशी नेले. तिथं गाठच नव्हती. हात तिथंच थांबले. मला वाटलं, गेलं, आता ही परत फिरते. मग तिनं सळई उचलली आणि टोला दिला. आणखी एक. मग जीव खाऊन बारा टोले दिले, हात डोक्याच्या वर नेऊन, टाचा उचलून, दोनदा गिरकी घेऊन. तलावाकाठचे लोक रविवारी शाळेचा टोल ऐकून घाबरले. एका मुलीचे वडील तर आग लागली समजून बादली घेऊन धावत आले. लुगडं जागचं हललं नव्हतं. मावशीला धाप लागली होती. तिनं वाकून काठ पाहिला, मागं हात नेऊन काष्टा चाचपला आणि त्या बादलीवाल्याला म्हणाली, "आनलंच हाये पानी, तं कडुनिंबाले टाका." मग माझ्याकडं वळली. "चाल. सोमवारी दवाखान्यात चाल. कापून टाकू."

शस्त्रक्रिया झाली. पंचवीस दिवस ती दवाखान्यात होती आणि पुढं दोन महिने एक दिवसाआड पट्टी बदलायला रिक्षानं जायचं. मला आजाऱ्याजवळ बसता येत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी सारखी बोलायचे. काही होणार नाही, सगळं नीट होईल, असं दिवसातून वीसदा म्हणायचे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "काई होनार नाई, असं नको म्हनू. तुले तरी काय माईत? बसून राह्य फक्त." मग मी बसायला शिकले. वह्या तपासायला घेऊन जायचे. ती पडल्या पडल्या विचारायची, "कोन नापास झाली वं?" आणि त्या मुलीची बाजू घेऊन माझ्याशी वाद घालायची. पट्टी सुटली की डोळे मिटून म्हणायची, "सांग. जसं हाये तसं सांग." मी सांगायचे. कडेला गुलाबी आहे, मध्ये अजून ओलं आहे, आज उजवीकडचं एक पेर भरलं. मी गणिताची बाई असल्याचा एवढा उपयोग दुसऱ्या कोणाला झाला नसेल.

अशाच एका दिवशी परत येताना रिक्षात मी तिला म्हटलं, "मावशे, ती घडी मी सांगितली होती. माझ्यामुळं तुझं सव्वा वर्ष गेलं. तू डॉक्टरणीला खोटं का सांगितलंस?" मला रडू आवरेना. तिनं रिक्षावाल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं, "रडून काय राहिली? तू सांगितलं, अन् मी ऐकलं. दोघी सारख्याच येड्या निघालो." थोडं पुढं गेल्यावर म्हणाली, "अन् मले दवाखान्यात कोनं नेलं वं? तुह्यावर डॉक्टरीन ओरडली असती, तं तू मले सोडून पळाली असती. मंग माह्या डब्यात भाजी कोन टाकते?" मला तिनं माफ केलं असं मी म्हणत नाही. तिनं हिशेबच मांडला नाही.

ती शाळेत परतली तेव्हा शिक्षकांच्या खोलीत तीन सुरया आल्या होत्या. घरून आणलेल्या, झाकण लावलेल्या. कोणी काही बोललं नव्हतं, फक्त मावशीच्या रांजणाचं पाणी कोणी घेत नव्हतं. हा रोग स्पर्शानं होत नाही, असं मी दोनदा सांगून पाहिलं होतं. माना डोलल्या आणि सुरया राहिल्या. मावशीनं त्या पाहिल्या. रांजण त्या दिवशी तिनं पाच वेळा विसळला. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका, ज्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो आणि ज्यांच्या चपलांच्या आवाजानं वर्ग गप्प व्हायचे, त्या मधल्या सुट्टीत खोलीत आल्या, मधोमध बसल्या आणि म्हणाल्या, "अनसूयाबाई, पाणी." मावशीनं ओगराळ्यानं पेला भरून दिला. त्या प्यायल्या. "आणखी." पुन्हा प्यायल्या. चार पेले झाले. मोठ्या बाईंना एवढी तहान नसणार. पण त्या आमच्या एकेकीकडं बघत शेवटचा थेंबही प्यायल्या. शनिवारी सुरया दिसल्या नाहीत.

नंतर मावशीनं एक खोड लावून घेतली. बाईमाणूस दिसलं की तिच्या कमरेत दोन बोटं घालायची. "एक बोट नाई, दोन. एक तं जबरदस्तीनंबी शिरते." स्नेहसंमेलनात नऊवारी नेसून लेझीमला उभ्या राहिलेल्या मुलींच्या रांगेतून ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटं घालत गेली, आणि मुली गुदगुल्यांनी किंचाळत राहिल्या. लग्नांत नवरीला सोडायची नाही. सदर भागातल्या एका दुकानात साडी बघत असलेल्या एका अनोळखी, चांगल्या घरच्या बाईच्या कमरेला तिनं हात घातला तेव्हा मी दुकानाबाहेर पळून गेले. मात्र बुटीबोरीकडच्या एका खेड्यात शेवंताच्या लग्नात पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या कमरेशी, न भरलेल्या जखमेवर तिचं बोट थबकलं. तिनं त्या बाईला चुलीपासून उठवलं, आडोशाला नेलं, आणि दोन दिवसांनी स्वतः दवाखान्यात घेऊन आली. त्याच डॉक्टरीणबाईनं पाहिलं आणि बरं झालं, लवकर आणलंत म्हणाली. औषधावर आणि गाठ सैल करण्यावर त्या बाईचं निभावलं. मावशी घरी आली ती टोलाचे बारा ठोके दिल्यासारखी. "मायचंबी खरं होतं अन् माह्यंबी खरं हाये," ती मला म्हणाली. "गिरनीत घट्ट पायजे. घरी कोनतं यंत्र हाये वं?"

त्यानंतर ती बारा-तेरा वर्षं जगली. शिवणबाईंनी तिला तसल्या सहा बंड्या शिवून दिल्या आणि त्या सहाही तिनं फाटेपर्यंत वापरल्या. तपासायला दर वेळी आम्ही दोघी जायचो, आणि डॉक्टरीणबाई जांघेत दाबून 'ठीक' म्हणेपर्यंत माझा हात तिच्या हातात असायचा. कोणी कोणाचा धरला होता, ते सांगता येत नाही. रोग परत आला नाही. ती गेली ती झोपेत, हृदय थांबून, नोकरीतून मोकळी झाल्यावर तीन वर्षांनी. सकाळी, माहेरपणाला तिच्याकडं आलेल्या शेवंताचा निरोप आला.

मी पोचले तेव्हा वस्तीतल्या बायांनी आंघोळ घातली होती. पेटी उघडलेली होती आणि पांढरं लुगडं बाहेर काढलेलं होतं, कडुनिंबाच्या वासाचं. मावशीच्या कुशीवर ती मांडीची कातडी होती, तळहाताएवढी, गुळगुळीत, भोवतालच्या रंगाहून फिकी. कुठं ओरखडासुद्धा नव्हता. एका म्हाताऱ्या बाईनं लुगडं गुंडाळलं आणि कमरेवर गाठ मारायला घेतली. वाटेत सुटू नये म्हणून जोर लावून ओढली. शेवंतानं तिचा हात धरला.

"थांब वं आजी," ती म्हणाली. "घट्ट नको."

तिनं गाठ सोडली, पुन्हा बांधली, आणि आत दोन बोटं घालून पाहिली. मग माझ्याकडं पाहिलं. "शिरते," म्हणाली. मी खाली बसले, हात पुढं केला आणि माझीही दोन बोटं घातली. जागा होती.